कॉलनीची भरीत पार्टी: दोनशे पानांचा हिशेब

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे झाले की जळगाव-भुसावळच्या कॉलन्यांमध्ये एकच विचारणा सुरू होते: भरीत कधी? मळ्यात दहा-वीस माणसांचं भरीत करणं सोपं असतं. भाजायच्या काड्या तिथंच, वांगी तिथंच, धूर कुणाच्या घरात जात नाही. पण पन्नास घरांच्या कॉलनीत, ओपन स्पेसवर, डोक्यावर विजेच्या तारा आणि बाजूला ओळीनं लावलेल्या गाड्या असताना दोनशे जणांचं भरीत करायचं म्हणजे आठवडाभर आधी कागद-पेन घेऊन बसावं लागतं.

सगळं केटररला देऊन मोकळं व्हायचा मोह होतो. तसं केलं तर जेवण होईल, पार्टी होणार नाही. मंगल कार्यालयात जेवून आल्यासारखं वाटेल, एवढंच. भरिताच्या कार्यक्रमात खरी गंमत असते ती वांगी सोलायला गोल करून बसलेल्या माणसांत. पुऱ्या लाटायला-तळायला आणि भांडी घासायला माणसं लावा, त्यात कमीपणा नाही. पण भाजणं, सोलणं आणि ठेचणं कॉलनीच्याच हातात ठेवा. पुढचा सगळा हिशेब हेच धरून केला आहे.

दिवस आणि जागा

चातुर्मासात वांगं न खाणारी घरं खान्देशात अजून बरीच आहेत. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मगच त्यांच्याकडे वांगं शिजतं. म्हणून सगळ्यांना धरून करायचं तर चंपाषष्ठीनंतरचा रविवार घ्या. मात्र त्याच आठवड्यात वांग्याला मागणी फार असते आणि भाव चढतो. पुढच्या किंवा त्याच्याही पुढच्या रविवारी तोच माल बऱ्या भावात मिळतो. मार्गशीर्षातले गुरुवार, एकादशी आणि चतुर्थी टाळा. निम्म्या घरात उपास असेल तर सोलायला हात येतात, पानावर माणूस येत नाही. जानेवारी अखेरपर्यंत केव्हाही चालतं. ऊन तापायला लागलं की वांगी जून व्हायला लागतात आणि बिया दाताखाली येतात.

ओपन स्पेस महापालिकेची किंवा नगरपालिकेची असते. कॉलनीच्या नावानं साधा अर्ज देऊन पोच घ्या. माइक लावणार असाल तर पोलीस ठाण्याची परवानगी वेगळी काढावी लागते. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, आणि रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. म्हणजे डीजे नाहीच, एखादा साधा स्पीकर पुरे. नळाला पाणी येण्याचा वारही बघून ठेवा. आपल्याकडच्या शहरांत रोज पाणी येत नाही, आणि या कार्यक्रमाला प्यायचं सोडून वापरायचंच हजार-बाराशे लिटर लागतं.

भट्टीची जागा नीट निवडली नाही तर पुढं सगळंच अवघड होतं. पेव्हर ब्लॉकवर जाळ केला की ब्लॉक तडकतात, डांबरावर केला तर डांबर वितळतं. गच्चीवर तर काड्या पेटवूच नका. वॉटरप्रूफिंगला भेगा जातात आणि पावसाळ्यात वरच्या मजल्यावरचे लोक वर्गणी मागायला येतात. मोकळी माती असेल तर उत्तम, नसेल तर चार बोटं जाडीचा रेती-मातीचा थर टाकून त्यावर जाळ करा. वर तार किंवा झाडाची फांदी नको. गाड्या निदान पंधरा-वीस पावलं लांब हलवा, कारण पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काडीची, ठिणगी हलकी असते आणि वाऱ्यावर लांब जाते. शेजारी पाण्यानं भरलेला एक ड्रम, रेतीच्या दोन बादल्या आणि तिथून न हलणारा एक माणूस ठेवा. वारा कुठून वाहतो ते पाहून, ज्या घरात दमेकरी किंवा तान्हं बाळ आहे त्या घराच्या अंगाला धूर जाणार नाही असं बघा.

वांगी

भरिताचं वांगं म्हणजे हिरवट, पांढरट रेघांचं, लांबट-फुगीर, तीनशे-चारशे ग्रॅमच्या पुढचं. आसोदा, भादली, बामणोद, भालोद ही त्याची नावाजलेली गावं. या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. साल पातळ, गर भरपूर, बी कमी आणि तेल धरून ठेवणारं, म्हणून भरीत याचंच. जांभळ्या वांग्याचं भरीतही होतं, पण त्याला ही चव नाही.

माणशी ३०० ग्रॅम कच्चं वांगं धरा. दोनशे जणांना ६० किलो, म्हणजे साधारण १५० ते १७० नग. भाजून, साल-देठ काढून ३८ ते ४० किलो गर हाती येतो. पात, दाणे, खोबरं, तेल मिसळून ५० किलोच्या आसपास भरीत होतं आणि माणशी पाव किलो पडतं. खान्देशात हे जास्त नाही.

शक्य असेल तर आदल्या दिवशी थेट शेतावरून उचला. वांगं हातात घेऊन बघा: आकाराच्या मानानं हलकं लागलं तर बी कमी, जड आणि टणक लागलं तर बी भरलेलं. देठ हिरवा आणि काटेरी असेल तर ताजं. साल पिवळसर पडली असेल तर तो माल कितीही स्वस्त असला तरी सोडा, त्याचं भरीत कडवट होतं. आकार शक्य तितका सारखा मागा. लहान-मोठी एकत्र भाजली की लहान जळतात आणि मोठी आतून कच्ची राहतात.

भोक दिसलं की ते वांगं बाजूला काढायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण अळी ज्या भोकातून शिरते ते तिच्या विष्ठेनं बुजतं, आणि बऱ्याचदा ती देठाच्या टोपीखालूनच आत जाते. त्यामुळे बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या वांग्यातही अळी निघू शकते. तिची खरी तपासणी सोलतानाच होते. म्हणून सोलायचं काम दिवसाउजेडी संपलं पाहिजे. डिसेंबरात सहाच्या आत सूर्य मावळतो, आणि दिव्यांच्या माळेच्या उजेडात भाजलेल्या गरातली अळी दिसत नाही.

भाजणं

कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या किंवा तुरीच्या तुराट्या, दोन्ही चालतात. पऱ्हाटी जास्त वेळ जळते, तुराटी भसकन पेटते. अंदाजासाठी वांग्याच्या वजनाइतक्या काड्या धरा आणि वर एखादा भारा जास्तीचा ठेवा. काड्या कडक वाळलेल्या हव्यात, मोडली की टचकन आवाज आला पाहिजे. ओलसर काडीचा धूर दाट आणि कडू असतो, आणि तो थेट गरात उतरतो. भरीत कडू झालं की लोक वांग्याला नावं ठेवतात, पण निम्म्या वेळा दोष काडीचा असतो. खोक्याची, रंग दिलेली किंवा प्लायवूडची लाकडं यात अजिबात टाकू नका.

वांगी धुऊन पुसा आणि प्रत्येकाला सुरीच्या टोकानं दोन-तीन ठिकाणी टोचा. न टोचलेलं वांगं आत कोंडलेल्या वाफेनं फुटतं आणि गरम गर अंगावर उडतो. देठ कापू नका. उलटताना आणि सोलताना तोच हाताला धरायला लागतो.

जमिनीवर गुडघाभर उंचीचा, सैल काड्यांचा लांबट थर पसरायचा, त्यावर वांगी एकेरी मांडायची आणि वाऱ्याच्या बाजूनं पेटवायचं. काड्या बसत जातात तशी वांगी निखाऱ्यावर येतात. मग लांब काठीनं किंवा चिमट्यानं फिरवत राहायचं आणि कडेनं नव्या काड्या सारायच्या. शहरात राख-मातीचा त्रास नको असेल तर दोन्हीकडे विटांच्या तीन थरांवर लोखंडी जाळी ठेवून खाली जाळ करा. जाळी साध्या लोखंडाची हवी. चकचकीत गॅल्व्हनाइज्ड जाळी तापली की जस्ताचा धूर निघतो आणि तो चांगला नाही.

एका वेळी २० किलो, असे तीन घाणे. एका घाण्याला पंचवीस मिनिटं. पहिली पाच-सात मिनिटं मोठा जाळ, त्यात साल काळी पडून तडकते. मग जाळ बसू द्यायचा आणि निखाऱ्याच्या धगीवर आतपर्यंत शिजवायचं. सगळा वेळ मोठा जाळ ठेवला की बाहेरून कोळसा, आतून पांढरा कच्चा गर. तो ठेचला जात नाही, फोडणीत गोळे राहतात आणि घशाला खाजतो. झालं की नाही ते पोटाला दाबून कळत नाही, देठाजवळ काडी खुपसून बघायची. तिथं सगळ्यात उशिरा शिजतं. काडी लोण्यात गेल्यासारखी गेली आणि भोकातून रस बुडबुडला की उतरवा. उतरवलेली वांगी लगेच मोठ्या पातेल्यात टाकून दहा मिनिटं झाकण ठेवा. वाफेनं साल सुटते.

मिरच्याही याच निखाऱ्यावर भाजता येतात, पण मोकळ्या हवेतसुद्धा ठसका सगळ्या कॉलनीला लागतो. कढईत थोड्या तेलावर परतलेल्या बऱ्या.

सोलायची बैठक

एका वांग्याला दोन-अडीच मिनिटं लागतात. १६० वांग्यांना दहा जण असले तरी पाऊण तास जातो. म्हणून निदान पंधरा जण बसवा, आणि हे काम फक्त काकू-मावश्यांवर टाकू नका. फिरून फोटो काढणाऱ्या काकांनाही ताट द्या. ताडपत्रीवर गोल बसायचं, मधे दोन पराती ठेवायच्या, एक गराला आणि एक सालीला. प्रत्येकाजवळ पाण्याची वाटी.

डाव्या हातात देठ धरायचा, वांगं ताटात उभं टेकवायचं आणि ओल्या बोटांनी वरून खाली साल ओढायची. नीट भाजलेलं असेल तर तीन-चार पट्ट्यांत सगळी निघते. मग बोटानं मधोमध फाडून आतून बघायचं. काळसर नळी किंवा भुगा दिसला तर तेवढा भाग नाही, अख्खं वांगं टाकायचं. शेवटी देठ मोडायचा. सालीचे चार-दोन काळे तुकडे गरात राहिले तरी बिघडत नाही, उलट तीच भाजल्याची चव. पण वांगी नळाखाली किंवा बादलीत बुडवून सोलू नका. काम लवकर होतं आणि धुराचा सगळा वास पाण्याबरोबर जातो. परातीत सुटलेला रस फार असेल तर थोडा काढून ठेवा, भरीत कोरडं वाटलं तर नंतर घालता येतो.

करमणुकीचा कार्यक्रम ठेवायचा तर तो याच वेळी, याच गोलाशेजारी ठेवा. मुलांची गाणी, अहिराणी विनोद, एखादीच्या ओव्या, वहीगायनाचा (खान्देशी लोकगायनाचा) संच मिळाला तर त्यांचा तास-दीड तास. जेवणानंतर स्टेज ठेवलं की अर्धी माणसं थंडीनं घरी जातात, आणि सत्कार-भाषणं सुरू झाली की उरलेलीही. पाहुण्यांना बोलायचंच असेल तर सोलता सोलता बोलू द्या.

ठेचणं आणि फोडणी

गर लाकडी बडगीत, म्हणजे खोलगट भांड्यात, मुसळीनं ठेचतात. दोन-तीन घरांतून बडग्या आणि दणकट हाताची दोन पोरं मिळाली की काम होतं. एका वेळी दोन-तीन किलोच घाला, बडगी भरली की गर वर येतो आणि ठेचला जात नाही. रेषा मोडल्या पाहिजेत, पण लापशी होता कामा नये. मिक्सर किंवा हँड ब्लेंडर आणू नका. बी फुटून कडवट उतरते आणि गराचा चिकट लगदा होतो.

६० किलो वांग्यांना लागणारं बाकी सामान असं: तेल ५ लिटर, हिरवी मिरची ३ किलो, लसूण दीड ते दोन किलो, कांद्याची पात १० ते १२ किलो, शेंगदाणे ३ किलो, सुक्या खोबऱ्याचे काप दीड किलो, जिरे २०० ग्रॅम, कोथिंबीर ३ किलो. लसणाची कोवळी पात मिळाली तर किलोभर जरूर घ्या. हळद नाही, लाल तिखट नाही, टोमॅटो नाही, गरम मसाला तर नाहीच. भरीत हिरवं-पांढरं दिसलं पाहिजे.

मिरची तिखट किती, हे त्याच दिवशी एक चावून ठरवा. लवंगी असेल तर दोन किलोतच काम होतं. मिरची, लसूण, जिरे आणि थोडं मीठ बडगीत जाडसर ठेचून ठेवा. पात चिरताना पांढरा भाग आणि हिरवा भाग वेगळा.

एकाच मोठ्या पातेल्यात सगळं करू नका, ५० लिटरच्या दोन पातेल्यांत अर्धं-अर्धं करा. तळाला लागलं तरी सगळं वाया जात नाही, शिवाय एक कमी तिखट करता येतं. तेल तापलं की दाणे टाका, ते तांबूस झाले की खोबरं. खोबरं क्षणात जळतं, म्हणून लगेच ठेचा घाला आणि तेलात नीट परता. कच्च्या लसणाचा वास गेला पाहिजे. मग पातीचा पांढरा भाग, दोन मिनिटांनी गर. मध्यम आचेवर वीस ते पंचवीस मिनिटं, उलथनं तळापर्यंत नेत हलवायचं. कडेनं तेल सुटायला लागलं की हिरवी पात आणि कोथिंबीर घालून गॅस बंद. पात आधी घातली तर तिचं पाणी सुटतं आणि भरीत मिळमिळीत होतं.

मीठ अगदी शेवटी घाला. दोन्ही पातेल्यांत मिळून आधी अर्धा किलो, मग चव बघून. गर आटतो, त्यामुळे सुरुवातीला बरोबर वाटलेलं मीठ शेवटी खारट होतं. मुलांसाठीचं दहा-बारा किलो भरीत कमी तिखट केलेल्या पातेल्यातून काढून ठेवा.

पानावर बाकी काय

कळण्याची भाकरी असेल तर भरिताला दुसरं काही लागत नाही. चार भाग ज्वारी आणि एक भाग सालासकट उडीद, दळतानाच थोडं मीठ घालून, किंचित जाडसर दळून आणायचं. किलोभर पिठात आठ-नऊ भाकरी होतात. माणशी अर्धी धरली तर १०० भाकरी, १२ किलो पीठ. या भाकरी बचत गटाच्या बायकांना सांगाव्यात, कॉलनीतल्या बायकांना त्या दिवशी चुलीपुढं बसवू नये. सोबत गव्हाच्या पुऱ्या माणशी चार, म्हणजे ८००. त्याला २० किलो कणीक आणि तळायला तेलाचा एक १५ किलोचा डबा. थोडं तेल उरेल. धुळे-नंदुरबारकडची मंडळी जास्त असतील तर पुऱ्या कमी करून बाजरीची भाकरी वाढवा.

कढीला २५ लिटर ताक आणि दीड किलो बेसन. मुळा, कांदा, लिंबू, उडदाचा पापड. गोडाला जिलेबी १२ किलो. ती विकत आणा, इथं कढई लावायच्या भानगडीत पडू नका. प्यायला २० लिटरचे दहा जार.

जैन कुटुंबांपैकी बरेच जण कांदा-लसूणच नाही, वांगंही खात नाहीत. लसूण न घातलेलं भरीत वेगळं काढून त्यांचा प्रश्न सुटत नाही. मुगाची खिचडी किंवा वरण-बट्टी वेगळ्या भांड्यात, वेगळ्या कलथ्यानं ठेवा आणि आकडा आधी विचारून घ्या.

जेवायला केळीची पानं. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात राहून थर्माकोल वापरायचं कारण नाही, आणि २०१८ पासून राज्यात थर्माकोल-प्लास्टिकच्या ताटल्यांवर बंदीच आहे. एका मोठ्या पानात तीन जणांची पानं निघतात, म्हणून ७० पानं सांगा. करप्याचे ठिपके पडलेली नकोत, ती घडी घालताच फाटतात. आणणाऱ्यानं जुने कपडे घालावेत, केळीच्या चिकाचा डाग जन्मभर जात नाही.

वेळ

पंगत साडेसातला धरून उलटं मोजा. दुपारी दोनला वांगी निवडून टोचणं. अडीचला पहिला घाणा, सव्वाचारपर्यंत तिन्ही घाणे. सव्वातीनपासून सोलणं सुरू, सव्वापाचच्या आत संपवणं. चारपासून ठेचणं. साडेपाचला फोडणी. सातला पुऱ्यांची कढई, त्याआधी नाही, गार पुरी कुणी घेत नाही. सोललेला गर तासनतास झाकून ठेवू नका, आंबूस वास येतो. उशीर होणार असं दिसलं तर फोडणी आधी करून टाका, फोडणीचं भरीत टिकतं आणि पुन्हा गरम करता येतं.

वर्गणी घरटी घेऊ नका, पानावर घ्या. सात माणसांचं घर आणि दोघं म्हातारा-म्हातारी यांना सारखी रक्कम लावली की पुढच्या वर्षी दोघं येत नाहीत. पाच वर्षांखालची मुलं फुकट. नावं गुरुवारपर्यंत, पैसे शुक्रवारपर्यंत, एकाच खात्यावर. शनिवारी संध्याकाळी वांगी उचलायची असतात, त्यानंतर आलेल्या नावांना जागा असेल तरच हो म्हणा. ऐनवेळी पाहुणे येतातच, त्यासाठी दहा पानं हिशेबात आधीच धरा.

निखारे रात्री पाणी मारून, ढवळून, पुन्हा पाणी मारून विझवा. वरून राख गार दिसते आणि खाली धग सकाळपर्यंत राहते. पोरं तिथंच क्रिकेट खेळायला येतात. गार राख आणि वांग्याच्या साली बागेच्या खड्ड्यात जातात, पानं घंटागाडीत ओल्या कचऱ्यात. उरलेलं भरीत त्याच रात्री डब्यांतून वाटून टाका आणि फ्रीजमध्ये ठेवायला सांगा. बिलांचे फोटो आणि शिल्लक रक्कम सोमवारी संध्याकाळपर्यंत कॉलनीच्या ग्रुपवर टाका.